कच्ची राख

१

लोणचं मुरावं लागतं तशी राखही मुरावी लागते. शहरभराचा कचरा भट्टीत जळून खाली जी राख पडते ती गरम, ओलसर आणि नाठाळ असते. तिचे ढीग घालायचे, त्यांना ऊनवारा खाऊ द्यायचा, अधूनमधून पाणी मारायचं, चुंबक फिरवून लोखंड काढायचं. महिने गेले की मग ती सिमेंटात कालवून रस्त्याचे ठोकळे पाडायचे. घाई केली तर रस्ता फुगतो. राखेत ॲल्युमिनियमचा बारीक भुगा उरलेला असतो, त्याला सिमेंट लागलं की त्यातून वायू सुटतो आणि चांगले घट्ट बसवलेले ठोकळे एक दिवस उठून बसतात.

राख मुरली की नाही हे ठरवायचं काम ताईचं. कारखान्यात सगळे तिला ताईच म्हणत. तिच्या बापाच्या वयाचे लोडरवाले मामासुद्धा. तिची परीक्षा साधी होती. काचेच्या बाटलीत मूठभर राख, वर चुन्याचं पाणी, आणि बाटलीच्या तोंडाला ओढून बसवलेला खेळण्याच्या दुकानातला फुगा. दुसऱ्या दिवशी बघायचं. फुगा फुगला तर राख कच्ची, आणि बाटलीच्या मानेवर लोळत राहिला तर मुरली. मुरलेल्या ढिगावर ती पांढरी पाटी खोचायची आणि मामा तो ढीग उचलायचे. खिडकीत रंगीबेरंगी फुग्यांची रांग दिसायची म्हणून जाता-येता लोक चिडवत, ताईंच्या खोलीत रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो.

त्या दिवशी मागच्या भिंतीजवळच्या ढिगाची बाटली लावली होती. लाल फुगा. ताईने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि सहज तिकडे पाहिलं. फुगा अर्धा भरला होता. म्हणजे कच्ची, असं मनाशी म्हणून ती पाटी बाजूला ठेवायला वळली. परत पाहिलं तेव्हा फुगा खाली बसला होता.

फुगा फुगतो किंवा फुगत नाही. फुगून बसत नाही. बाटलीतून सुटलेला वायू परत राखेत कसा जाईल? छिद्र असणार. तिने फुगा बदलला, निळा लावला. पंख्याचा वारा लागत असेल म्हणून पंखा बंद केला, ऊन लागत असेल म्हणून पडदा ओढला. मग हनुवटीखाली हात घेऊन समोर बसली.

निळा फुगा हळूहळू भरला आणि हळूहळू रिकामा झाला. पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. पुढच्या खेपेला तो भरता भरता मध्येच अडला, थरथरला, आणि एकदम टम्म फुगून सुस्कारा टाकल्यासारखा खाली आला.

ताई उठून उभी राहिली. चहा सांडला तो तिला कळला नाही.

२

ताईच्या धाकट्या भावाला सगळे माकड्या म्हणत. तो क्रेनवाला होता. कचऱ्याच्या खड्ड्यावर, छताला लागून असलेल्या केबिनमध्ये बसून तो क्रेनच्या पंजाने कचरा उचलायचा आणि भट्टीच्या हॉपरमध्ये, म्हणजे तोंडावरच्या मोठ्या नरसाळ्यात, सोडायचा. एवढ्या उंचावर शिडीने सरसर चढायचा म्हणून माकड्या. लहानपणी झाडावरून पडून त्याचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून झोपेत त्याचा श्वास अडायचा. दोन-तीन श्वास सरळ, मग एक अडकलेला, मग तो सुटायचा. एकाच खोलीत झोपणाऱ्या ताईने लहानपणी कितीतरी रात्री तो श्वास सुटेपर्यंत आपला श्वास धरून ठेवला होता.

उन्हाळ्यात एका दुपारी माकड्या कामावरून नाहीसा झाला. कारखान्याचे साहेब म्हणाले, हेल्मेट खुंटीला लावून निघून गेला, आजकालच्या पोरांना धीर कुठे असतो. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, येईल आपला आपण. ताईचा नवरा भट्टीचा ऑपरेटर. काचेच्या खोलीत बसून भट्टी चालवायचा. तो म्हणाला, "मी तेव्हा ड्यूटी संपवून निघालो होतो गं. मला तरी काय माहीत?"

ताईची आई त्यांच्याकडेच राहायची. ती रोज सकाळी माकड्याला फोन लावायची आणि फोनमधल्या बाईशी भांडायची. "बंद आहे, बंद आहे, एवढंच येतं हिला. अगं बाई, जरा नीट बघ ना. उंच आहे, नाक वाकडं आहे."

नवरा मात्र सोन्यासारखा वागत होता. आधी कधी सासूशी चार वाक्यं न बोलणारा माणूस आता संध्याकाळी तिच्या पायांना तेल चोळून द्यायचा. तिचा चष्मा पुसून ठेवायचा. शेजारणी म्हणायच्या, जावई असावा तर असा. ताईलाही भरून यायचं. भाऊ गेला, पण देवाने माणूस चांगला दिला, असं तिने आईला बोलूनही दाखवलं होतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला फुग्याचं सांगितलं. श्वासाचं सांगितलं नाही, फक्त एवढंच की फुगा फुगतो आणि बसतो.

तेलाची वाटी त्याच्या हातात होती. "कुठल्या ढिगाचा?" त्याने विचारलं.

"मागच्या भिंतीजवळचा."

"फुगे हलके आलेत आजकाल," तो म्हणाला आणि सासूचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

३

दुसऱ्या दिवशी साहेब ताईच्या खोलीत आले. सोबत नवराही होता, तिचा डबा घरी राहिला होता तो द्यायला आलेला. साहेब दारातूनच बोलायला लागले. त्यांना बोलायला फार आवडायचं.

"ताई, कॉलनीचा रस्ता करायचाय. गेटपासून क्वार्टर्सवरून थेट माझ्या बंगल्यापर्यंत. लोक म्हणतात राखेचा रस्ता टिकत नाही. म्हटलं, आधी आपल्याच दारात करून दाखवू. मागचा ढीग झाला ना तयार?"

ताई उत्तर देणार तोच तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. नवरा डबा ठेवायला वाकला होता आणि बाटलीवरचा फुगा भरत होता. या वेळी तो थांबला नाही. भरत गेला, रबर पातळ होऊन पांढुरकं पडलं आणि कुरकुरायला लागलं. नवरा मागे सरकला.

"अरे वा," साहेब हसले, "हा तर माझ्यावर चिडलेला दिसतोय."

दोघं गेले. फुगा एकदम रिकामा झाला आणि बाटलीच्या मानेवर लोळू लागला.

ताई काही भाबडी बाई नव्हती. वायू, उष्णता, चुना, सगळं तिला कळत होतं. त्या कळण्याला तिने दहा प्रश्न विचारले आणि दहाही उत्तरं लंगडी निघाली. शेवटी राहिलं ते एकच. फुग्याला साहेब चालत नव्हते.

४

ढीग कुठल्या दिवसाचा हे फक्त मामांना विचारायचं. प्रत्येक ढीग त्यांच्या हाताखालून जायचा. मामा लोडरच्या सावलीत जेवत होते. ताई त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली.

"मामा, मागचा ढीग माकड्या गेला त्या वेळचा आहे ना?"

मामांनी घास खाली ठेवला. "तू विचारशील असं वाटत होतं. पण नको विचारूस."

"विचारलं."

"मी खालून बघितलं एवढंच सांगतो. क्रेन थांबली होती. पंजा हॉपरवर तसाच लटकलेला. एखादी गादी अडकली की माकड्या खाली उतरून बांबूने ढोसायचा, तुला माहीत आहे. केबिनचं दार उघडं होतं, आत कोणी नाही. साहेब धावत आले आणि काचेच्या खोलीत शिरले. म्हटलं आता भट्टी थांबणार. हॉपरमधला कचरा पुढे ढकलणारा दांडा असतो, तो एका बटणावर थांबतो." मामांनी भाकरी बाजूला सारली. "तो थांबला नाही. चालूच राहिला."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"मला खालून काय दिसणार?" मामा म्हणाले आणि तोंड धुवायला उठले. जेवण अर्धंच राहिलं होतं.

ताई उठली ती सरळ मागच्या ढिगाकडे गेली. दुपारच्या उन्हात राख पांढरी दिसत होती. तिने तळवा टेकवला. महिने उलटून गेलेली राख थंडगार असायला हवी होती. ती अंगाएवढी कोमट होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग. इतका स्वच्छ राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तो आल्यावर तिला बरंच वाटलं.

"माकड्या," ती हलकेच म्हणाली, "चल. तुला साहेबाच्या दारात नेऊन घालते. पुढचं तू बघ."

आणि कच्च्या ढिगावर तिने पांढरी पाटी खोचली.

५

रस्ता सुरेख झाला. करडे ठोकळे, एकाला एक चिकटून, गेटपासून क्वार्टर्सच्या दारांवरून बंगल्यापर्यंत. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे, बूट आपटून म्हणायचे, बघा, दगड आहे दगड.

ताई रोज संध्याकाळी गेटजवळच्या आपल्या क्वार्टरच्या दारात उभी राहायची. साहेब फिरायला निघाले की त्यांच्या एकेका पावलाकडे बघायची. ते हात मागे बांधून, गुणगुणत, बंगल्यापासून गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. काही व्हायचं नाही. मुलं सायकली चालवायची. साहेबांची बायको कुत्र्याला फिरवायची. कुत्रं मात्र मधल्या भागातून चालायला तयार नसायचं. तिला त्याला उचलून घ्यावं लागायचं.

काहीच होत नव्हतं असं नाही. कान देऊन ऐकलं तर ठोकळ्यांखाली बारीक कटकट ऐकू यायची. जेवणं आटोपून घर शांत झालं की खिडकीतून तो श्वास यायचा. सरळ, सरळ, मग अडकलेला. आई पडल्या पडल्या म्हणायची, "माकड्या आला का गं? सर्दी झालीय त्याला." ताई म्हणायची, झोप आई. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. तो जागा आहे हे ताईला कळायचं. बिचारा दिवसभर भट्टीसमोर बसतो, झोप येत नसेल, असं तिला वाटायचं.

पण साहेब ठणठणीत होते. उलट त्यांचं पोट आणखी सुटलं होतं. ताईला आता मेलेल्या भावाचाच राग यायला लागला. जिवंतपणी भोळा होता, आणि राख झाला तरी भोळाच. एवढा दारात नेऊन घातला, आणि हा साहेबाला चालायला पाठ देतोय.

६

मग एक दिवस साहेब एकटेच तिच्या खोलीत आले. रस्त्याबद्दल शाबासकी द्यायला. मागच्या ढिगाची बाटली तिने फेकली नव्हती, ती टेबलावर तशीच होती. साहेब अगदी जवळ उभे राहून बोलले, बाटलीला टिचकी मारली, हसले, गेले. फुगा लोळत राहिला. केसभरही हलला नाही.

ताई फुग्याकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं. बाटलीचं नव्हे, तिचं स्वतःचं.

घरी आली तेव्हा आई पायरीवर बसून एक बूट घासत होती. नवऱ्याचा.

"मी करते, ठेव," ताई म्हणाली.

"रोज चिखल असतो गं याच्या बुटांना. एवढा चांगला रस्ता केलाय दारात, आणि जावई भिंतीकडच्या पायवाटेने चिखल तुडवत येतात. मी विचारलं, तर म्हणाले, ताजं काम आहे, बसू दे. अजून किती बसायचंय त्याला?"

ताईने आईच्या हातातून बूट घेतला. त्याच्या तळाला सगळीकडे माती होती. राखेचा करडा कण शोधूनही सापडला नाही. रस्ता झाल्यापासून हा माणूस त्यावरून एकदाही चालला नव्हता.

फुगा चिडला त्या दिवशी साहेब दारात होते, दाराशीच थांबले होते. टेबलापाशी वाकला होता नवरा. तेल चोळणारे हात, पुसलेला चष्मा, ड्यूटी संपवून निघालो होतो गं. ताईने बूट पायरीवर ठेवला, जोडीने, नीट. मग ती आत जाऊन स्वयंपाकाला लागली, कारण हात रिकामे राहिले असते तर त्यांनी काय केलं असतं हे तिला सांगता आलं नसतं.

७

पुढच्या आठवड्यात भिंतीकडची पायवाट नळ टाकायला खणून काढली.

संध्याकाळ होती, ऊन अजून भिंतींवर होतं. ताई दारात उभी होती. नवरा गेटमधून आला, पायवाटेकडे वळला, खड्डा बघून थबकला, आणि रस्त्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला. हातात डब्याची पिशवी. पलीकडच्या टोकाला साहेब आपल्या फाटकाची कडी काढत होते, फिरायला निघायच्या बेतात.

"अहो, थांबलात का?" ताईने विचारलं.

"ओलं आहे काम."

"साहेब रोज चालतात त्याच्यावर."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या दिवशी काचेच्या खोलीत तुम्ही होतात."

तिने आवाज चढवला नव्हता. तरी तो मार खाल्ल्यासारखा दिसला. आणि मग, इतके महिने त्याच गोष्टीची वाट बघत असल्यासारखा, बोलायला लागला.

"माझा हात बटणावर होता गं. साहेब म्हणाले, भट्टी विझली तर परत पेटवायला आठवडा जाईल, तो चढेल वर आपला आपण, माकडच आहे. हात काढ म्हणाले. मी काढला."

"तो ओरडत होता?"

"हॉपरवरच्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही."

"म्हणजे दिसत होता."

"वर बघत होता, कॅमेऱ्याकडे. माझी ड्यूटी आहे हे त्याला माहीत होतं. बोटाने खूण करत होता, दाजी, दाबा म्हणून." त्याने पिशवी पोटाशी धरली. "आधी हसत होता गं. कमरेपर्यंत गेला तरी हसत होता. त्याला वाटलं, मी दाबणारच."

ताईला तिचा भाऊ दिसला. वाकडं नाक, हसणारं तोंड. साहेबाकडून त्याने काही मागितलंच नव्हतं. परक्याकडून कोण अपेक्षा ठेवतो? त्याने मागितलं ते घरच्या माणसाकडे. आणि तिने मात्र त्याला साहेबाच्या दारात नेऊन घातलं, आपल्या दारावरून.

एवढंच म्हणायचं होतं, मागे फिरा, येऊ नका. चार शब्द. या माणसाबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. तो चांगलाही होता. शब्द तिच्या जिभेपर्यंत आले. मग तिने ते गिळले.

"या," ती म्हणाली. "रस्ता पक्का आहे. मीच पास केलाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला काय म्हणायचंय हे त्याला कळलं, असं तिला वाटलं. मग त्याने मान खाली घातली आणि पाय ठेवला.

आधीची पाच-सहा पावलं काही झालं नाही. फक्त खालचा श्वास थांबला. तो अडायचा तसा अडला आणि सुटेना. मग त्याच्या मागचे ठोकळे एकामागून एक वर आले, पांघरुणाखाली कोणीतरी गुडघे जवळ घ्यावेत तसे. त्याने वळून पाहिलं नाही. पुढचा ठोकळा त्याच्या वजनाने पायरीसारखा खाली गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि तो गुडघ्यापर्यंत रस्त्यात उभा होता. सांध्यांमधून राख वर आली, पिठासारखी मऊ, आवाज न करता. ती त्याच्या कमरेला लागली तेव्हा ताईला क्षणभर दिसलं, त्या राखेला बोटं होती. एक बोट ताठ होतं. ते त्याच्या छातीवर टेकून दाबत होतं, थांबून पुन्हा दाबत होतं.

ताईने डोळे मिटले नाहीत, पण नजर पिशवीवर ठेवली. पिशवी कलंडली, डबा घरंगळत गटाराच्या जाळीशी जाऊन थांबला. त्यानंतर अडलेला श्वास सुटला. लांब, समाधानाचा. ठोकळे एकेक करून आपल्या जागी बसले. रस्ता सपाट होता, इतका की पाण्याची पातळी लावून बघावी.

पलीकडे साहेब फाटकात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एक पाय रस्त्यावर ठेवायला उचललेला होता, तो त्यांनी सावकाश मागे घेतला. फाटकाची कडी लावायला त्यांना फार वेळ लागला. बंगल्याच्या मागे कचऱ्याच्या खड्ड्याची उंच भिंत होती आणि दोन्ही बाजूंना राखेचे ढीग. दुसरा रस्ता नव्हता.

ताईला आता उलगडा झाला. जावयाचा मान पहिला असतो, म्हणून साहेब इतके दिवस वाचले होते.

"आले का गं जावई?" आतून आईने विचारलं. "आवाज आला त्यांचा."

"आले, आई. वाटेत माकड्या भेटला त्यांना."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आईचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "सापडला? मग जेवायला घेऊन या म्हणावं दोघांना. उभे काय राहिलेत?"

"साहेबांसाठी थांबलेत," ताई म्हणाली. तिने पायरीवर बसकण मारली आणि बंगल्याच्या फाटकाकडे तोंड केलं. "ते आले की येतील."